सायकलला निळा दिवा लावावा का?

मुलाची सायकल पसंत पडते, भाव ठरतो, पैसे देऊन होतात आणि मग दुकानदार काउंटरखालून एक खोका काढतो. त्यात चाकाच्या तारांत अडकवायचे रंग बदलणारे दिवे असतात, वॉल्व्हवर बसवायची चमकणारी टोपणं असतात, दांडीला गुंडाळायची एलईडीची माळ असते आणि पोलिसांच्या गाडीवर असतो तसा लाल-निळा लुकलुकणारा एक दिवाही असतो. मुलाला सगळंच हवं असतं. आई-वडील हमखास विचारतात, "हे रस्त्यावर चालतं ना? पोलिस धरणार नाहीत ना?" दुकानदार म्हणतो, "सगळेच लावतात हो."

या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. कायद्याला काय चालतं हा एक, आणि समोरून किंवा मागून येणाऱ्या ड्रायव्हरला काय कळतं हा दुसरा. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. शिवाय तो एकदा समजला की कायदा पाठ करावा लागत नाही. म्हणून सुरुवात ड्रायव्हरच्या सीटवरून करू.

१. रंगावरून दिशा कळते

दिवसा सायकल दिसते तेव्हा ती सगळीच्या सगळी दिसते. हँडल कुठे, सीट कुठे, स्वाराचं तोंड कुठे, हे एका नजरेत कळतं. रात्री शंभर मीटरवरून दिसतो तो फक्त एक ठिपका. तो ठिपका आपल्याकडे येतोय की आपल्यापुढे त्याच दिशेला चाललाय, हे ओळखायला ड्रायव्हरकडे एकच खूण उरते, ती म्हणजे रंग. पांढरा असेल तर येतोय, लाल असेल तर चाललाय.

याने किती फरक पडतो ते आकडे मांडून पाहू. मोटार ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, सायकल ताशी १५ ने. दोघांत अंतर आहे १०० मीटर. सायकल मोटारीच्याच दिशेने पुढे चालली असेल, तर मोटार तिला ५० वजा १५, म्हणजे ताशी ३५ किलोमीटरने गाठते. १०० मीटर कापायला सुमारे १० सेकंद लागतात. सायकल समोरून येत असेल तर वेगांची बेरीज होते, ताशी ६५. आता तेच अंतर साडेपाच सेकंदांत संपतं.

म्हणजे ठिपक्याचा रंग पाहून ड्रायव्हर मनात हिशेब करतो की आपल्याकडे १० सेकंद आहेत की साडेपाच. हा हिशेब तो जाणूनबुजून करत नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवून तो हातापायांत मुरलेला असतो. कोणी सायकलच्या हँडलवर लाल दिवा लावला, तर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला वाटतं की हा आपल्यापुढे चाललाय, भरपूर वेळ आहे, आणि त्याचा निम्मा वेळ तिथेच जातो. उलट, मागच्या बाजूला पांढरा दिवा लावला तर मागच्या ड्रायव्हरला वाटतं की कोणीतरी उलट्या बाजूने आपल्या अंगावर येतंय. तो घाबरून स्टिअरिंग वळवतो. रस्ता अरुंद असेल आणि शेजारून ट्रक येत असेल, तर पुढचं सांगायला नको.

हा संकेत कोणा एका देशाचा नाही. १९६८ साली व्हिएन्नात रस्ते वाहतुकीबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात सायकलीसाठी अगदी मोजक्या अपेक्षा आहेत: चालता ब्रेक, घंटी, मागे लाल परावर्तक (रिफ्लेक्टर), पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा आणि मागे लाल दिवा. संकेत हा शेवटी संकेतच असतो. समुद्रावर तो वेगळा आहे. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा, आणि मागच्या टोकाला चक्क पांढरा. तांडेलाला जो पांढरा दिवा "पुढे एक होडी चालली आहे" असं सांगतो, तोच रस्त्यावर ट्रक ड्रायव्हरला नेमकं उलटं सांगेल. मुद्दा इतकाच की ज्या वाटेने जायचं तिथला संकेत पाळायचा.

२. मागे लालच का?

"लाल प्रकाश धुक्यातून लांबवर जातो म्हणून," असं उत्तर आपल्याकडे शाळेपासून पाठ असतं. हवेच्या रेणूंबाबत ते बरोबर आहे. रेणू अतिशय लहान असतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून तर आकाश निळं दिसतं. पण धुकं रेणूंचं नसतं, पाण्याच्या थेंबांचं असतं, आणि हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठे असतात. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. तसं नसतं तर धुकं पांढरं दिसलंच नसतं. तेव्हा लोणावळ्याच्या किंवा आंबोलीच्या धुक्यात लाल दिव्याला कसलीही खास सवलत मिळत नाही.

खरं कारण आपल्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि त्यांच्यामुळे रंग कळतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत, फक्त उजळ आणि अंधूक एवढंच कळतं. या दंडपेशींना निळसर-हिरवा प्रकाश चांगला दिसतो आणि गडद लाल जवळपास दिसतच नाही. दारात जास्वंद असेल तर तिन्हीसांजेला पाहा. दिवसा भडक दिसणारं लाल फूल काळपट होत जातं आणि पानं मात्र अजून बऱ्यापैकी उजळ असतात. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे फुलांवरूनच टिपलं आणि या घटनेला आजही त्याचंच नाव आहे.

यातून दिव्यांसाठी एक उपयोगी गोष्ट निघते. मंद हिरवा किंवा निळा दिवा लांबून आधी दंडपेशींना दिसतो. काहीतरी चमकतंय एवढं कळतं, रंग कळत नाही. अंतर कमी झालं, उजेड वाढला, की मग शंकूपेशी जाग्या होतात आणि रंग कळतो. लाल दिवा मात्र दंडपेशींना दिसतच नाही, तो थेट शंकूपेशींनाच दिसतो. त्यामुळे ज्या क्षणी तो दिसतो, जवळजवळ त्याच क्षणी तो लाल आहे हेही कळतं. ज्या दिव्याचा सगळा अर्थ त्याच्या रंगात आहे, त्याला हा गुण हवाच.

दुसरं कारण इतिहासाचं आहे. लाल म्हणजे धोका हे रेल्वेने मोटारींच्या आधीच रूढ केलं होतं. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या रेल्वेत पांढरा दिवा म्हणजे "रस्ता मोकळा" आणि हिरवा म्हणजे "सावकाश" असं होतं. पुढे लक्षात आलं की लाल काच फुटली तर आतला दिवा पांढरा दिसतो आणि धोक्याचा सिग्नल आपोआप "या" म्हणू लागतो. मग पांढऱ्याला रजा मिळाली आणि हिरव्याला बढती.

पुढचा दिवा पांढरा किंवा फिकट पिवळा असण्याचं कारण साधं आहे. त्याला दिसायचंही असतं आणि आपल्याला खड्डाही दाखवायचा असतो. बल्बवर रंगीत काच चढवली की बराचसा उजेड काचेतच अडकतो.

३. निळा, हिरवा, जांभळा

मुलांना सर्वांत जास्त आवडतो तो निळा, आणि सायकलवर सर्वांत वाईटही तोच.

डोळ्याच्या पडद्याच्या नेमक्या मध्यभागी, जिथे आपण रोखून पाहतो तिथली प्रतिमा पडते, त्या इवल्याशा भागात निळा टिपणाऱ्या शंकूपेशीच नसतात. त्यामुळे दूरवरचा लहानसा निळा ठिपका रोखून पाहिला तर त्याचा निळेपणा हरवतो. शिवाय आपल्या डोळ्याचं भिंग निळा आणि लाल एकाच जागी केंद्रित करू शकत नाही. रात्री दुकानांच्या निळ्या पाट्या कडेने फुटल्यासारख्या दिसतात त्या यामुळेच. असा दिवा किती लांब आहे हे नीट कळत नाही.

मग पोलिसांच्या गाड्यांवर आणि रुग्णवाहिकांवर निळा का? तिथे दिव्याचं काम वेगळं असतं. आरशातून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं येतंय हे कळलं की झालं. डोळ्याच्या कडेकडे दंडपेशी भरपूर आणि त्यांना निळसर प्रकाश चांगला दिसतो. रस्त्यावर इतर निळे दिवे नसतात हेही एक कारण, आणि नेमकं तेच आपण आपल्या हौसेपायी बिघडवतो. लोकांनी निळा दिवा पाहून बाजूला व्हायचं आणि मागून निघायची क्लासला चाललेली सायकल. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी रुग्णवाहिकेलाही कोणी वाट देत नाही.

हिरव्याला आणि जांभळ्याला सायकलवर काहीच अर्थ नेमलेला नाही. म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पण पुढे किंवा मागे लावले तर दिशेची एकमेव खूण पुसली जाते. मागे लाल आहे आणि त्याच्या शेजारी हिरवी माळही आहे, असं असेल तर ड्रायव्हरला लांबून दोन्हींची सरमिसळ दिसते. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र झाला की डोळ्याला पिवळा दिसतो, हे तुम्ही टीव्हीच्या पडद्यावर रोज पाहता. तुमचा लाल दिवा तुमच्याच माळेने खाल्ला असं समजा.

लाल-हिरव्यात गल्लत होणारेही आपल्यात आहेत. हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्यांच्यासाठी दिव्याची जागा आणि तेज महत्त्वाचं. म्हणून लाल दिवा मागे मध्यावर, सुटा आणि ठळक असावा.

४. कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ चा. यंत्राच्या शक्तीवर चालणारं ते मोटार वाहन, अशी त्याची व्याख्या. पायडल मारून चालणारी सायकल त्यात येत नाही, म्हणून तिला ना लायसन्स लागत, ना नंबरप्लेट. याच कायद्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत १०८ क्रमांकाचा नियम आहे. मोटार वाहनाने पुढच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला लालखेरीज दुसरा दिवा दाखवू नये, असा त्याचा गाभा. अपवाद आहेत: वळण दाखवणारा केशरी दिवा, रिव्हर्सचा पांढरा दिवा, आपत्कालीन सेवांचे दिवे. एकेकाळी मोठ्या पदांवरच्या लोकांचे लाल दिवेही याच अपवादांत होते, ते १ मे २०१७ पासून गेले. मंत्र्यांना ज्या हौसेवर पाणी सोडावं लागलं ती आपण सायकलवर भागवावी, हे जरा मजेशीरच आहे.

हा नियम सायकलला थेट लागू नाही. पण म्हणून सायकल कायद्याबाहेर आहे असं समजू नका. १९५१ च्या पोलिस अधिनियमातल्या ३३ व्या कलमाने महाराष्ट्रात पोलिस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. वाहनांना किती दिवे असावेत, कुठे असावेत, कोणत्या वेळात लावावेत, हेही त्यात येतं. पुण्यात, कोल्हापुरात आज सत्तरीला आलेल्या माणसांना विचारा. सायकलचा कर भरून मिळणारा पितळी बिल्ला नसणं, डबलसीट आणि रात्री बत्ती नसणं, या तीन गोष्टींसाठी पोलिस सायकल अडवायचे. चौक जवळ आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायची, ही युक्ती त्या पिढीला पाठ होती.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीबाबत केंद्रीय नियम जास्त स्पष्ट बोलतात. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित, अशा सायकलला मोटार वाहन मानायचं नाही. मात्र त्यासाठी ज्या अटी आहेत, त्यांत चांगले ब्रेक आणि पुढे एक पांढरा, मागे एक लाल परावर्तक असणं हीही एक अट आहे. म्हणजे आपल्या नियमांतही सायकलच्या पुढचा आणि मागचा रंग ठरलेलाच आहे. साध्या सायकलींच्या परावर्तकांसाठीही सरकारने २०२० साली गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला.

आणि अपघात झालाच, तर नुकसानभरपाईच्या खटल्यात पहिला प्रश्न येतो, सायकलला दिवा होता का? स्वाराचाही काही अंशी हलगर्जीपणा होता असं ठरलं, तर भरपाईतून तेवढा भाग कापला जातो.

परदेशात शिकायला गेलेल्या मुलामुलींना हे सगळं जास्त कडकपणे भेटतं. जर्मनीत दिवा नसलेल्या सायकलीला दंड होतोच, पण दिवा असूनही त्यावर सरकारी तपासणीची खूण नसेल तर तो चालत नाही. लहरी रेघ, 'के' हे अक्षर आणि एक क्रमांक अशी ती खूण असते. इथून नेलेला स्वस्तातला दिवा तिथे शोभेचा ठरतो. लुकलुकणारा दिवा जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये सायकलवर चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, पण मिनिटाला ६० ते २४० वेळाच लुकलुकला पाहिजे. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहेत. न्यूयॉर्क राज्यात मागे लालऐवजी केशरी दिवाही चालतो. पुढे लाल किंवा मागे पांढरा मात्र यातल्या कुठेच बसत नाही.

५. उजेड किती, आणि कुठे

खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१००० ल्युमेन" लिहिलेलं असतं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे जातो हे त्यावरून कळत नाही. बागेच्या पाइपमधून तेवढंच पाणी येत असतं, पण तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. एखाद्या दिशेला जाणाऱ्या प्रकाशाची धार किती जोरकस, ते कँडेला या एककात मोजतात. आणि ती धार रस्त्यावर पडल्यावर तिथे किती उजेड झाला, ते लक्समध्ये.

हिशेब सोपा आहे. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की लक्स मिळतात. १०० कँडेलाचा दिवा १० मीटरवर १०० भागिले १००, म्हणजे १ लक्स उजेड देतो. २० मीटरवर १०० भागिले ४००, म्हणजे पाव लक्स. पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं जास्तीत जास्त साधारण एवढंच असतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणून लांबचा खड्डा दाखवायला जोरकस धार लागते, पण ती रस्त्यावर पडली पाहिजे, समोरच्याच्या डोळ्यात नाही.

इथेच आपल्याकडच्या नव्या सायकलींचं चुकतं. त्यांना लावलेले विजेरीच्या आकाराचे दिवे गोल झोत टाकतात. निम्मा उजेड रस्त्यावर, निम्मा आभाळाकडे आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. मोटारीला निदान डिप्पर तरी असतो. जर्मनीच्या नियमात पूर्वी एक सोपी कसोटी होती, ती घरी करता येते. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. हँडलवरचा दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल, तर भिंतीवरच्या झोताचा मध्य ४५ सेंटिमीटरवर पडला पाहिजे. म्हणजे निम्म्या उंचीवर. असा झोत सुमारे दहा मीटरवर जमिनीला टेकतो. खड्डा दिसायला तेवढं अंतर गावातल्या वेगाला पुरतं आणि समोरचाही शिव्या देत नाही.

लुकलुकण्याबद्दल लोकांत वाद आहेत. लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधतो, यात शंका नाही. पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतोय, हे ठरवायला डोळ्याला सलग ठिपका हवा असतो. दिवसा आणि गर्दीत लुकलुकता ठीक, अंधाऱ्या रस्त्यावर सलग बरा. दोन दिवे असतील तर एक सलग आणि एक मंदपणे लुकलुकणारा, हा मला पटलेला तोडगा आहे. डोळे दिपवणारा, सेकंदाला दहा वेळा फडफडणारा प्रकार मात्र कोणाच्याच फायद्याचा नाही.

दिवा दिवसाही चालू ठेवावा का? डेन्मार्कमधल्या ओडेन्सी शहरात याची चांगली परीक्षा झाली. २००४-०५ मध्ये ३८४५ सायकलस्वारांपैकी काहींच्या सायकलींना चाकावरच्या चुंबकाने सतत पेटत राहणारे दिवे बसवले, बाकीचे नेहमीसारखे फिरले. वर्षभरात दिवेवाल्यांचे इजा झालेले अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले.

आपला जुना डायनामो आठवत असेल. टायरला घासून घरघरणारी बाटली, तिच्यातून निघणारी ६ व्होल्ट, ३ वॉटची वीज. त्यातले २.४ वॉट पुढच्या दिव्याला आणि ०.६ मागच्याला. पायडल जड व्हायचं, चढावर उजेड मिणमिणायचा, आणि सिग्नलला थांबलं की नेमकं गरजेच्या वेळी अंधार. आताच्या चांगल्या डायनामो दिव्यांत थोडी वीज साठवून ठेवायची सोय असते आणि थांबल्यावरही मागचा लाल दिवा काही मिनिटं पेटता राहतो.

६. बॅटरी न लागणारा रंग

परावर्तक, म्हणजे आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो, साधा आरसा नसतो. आरशावर तिरका प्रकाश पडला तर तो दुसरीकडे जातो. रिफ्लेक्टरच्या प्लास्टिकमागे बारीक बारीक कोपरे असतात, खोलीच्या दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तसे. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा आपटून आला त्याच दिशेला परत जातो. त्यामुळे मोटारीचा प्रकाश मोटारीकडेच परततो आणि ड्रायव्हरला रिफ्लेक्टर पेटल्यासारखा दिसतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेलं उपकरण याच तत्त्वावरचं. पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्यावरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं.

रंग इथेही तेच: पुढे पांढरा, मागे लाल, पायडलवर केशरी-पिवळा. ट्रकवर चिकटवलेल्या चमकत्या पट्ट्या कधी पाहिल्या असतील तर त्याही पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या आणि मागे लाल असतात. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या दिवसांत रात्री रस्त्याने जाणारी बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली फार उशिरा दिसते, म्हणून त्यांच्यामागेही अशा पट्ट्या लावायची मोहीम काढावी लागते. मोटारीच्या सामानाच्या दुकानात ही पट्टी मिळते. मागच्या मडगार्डवर वीतभर लाल, पुढच्या काट्यावर पांढरी आणि क्रँकवर पिवळी, इतकी चिकटवली तर दिव्याची बॅटरी संपली तरी अब्रू राहते.

पायडलवरचा रिफ्लेक्टर सर्वांत गुणी. तो वर-खाली होतो आणि माणसाच्या हालचालीची ती लय मेंदू चटकन ओळखतो. ऑस्ट्रेलियात बंद ट्रॅकवर रात्री केलेल्या एका प्रयोगात काळे कपडे घातलेले सायकलस्वार ड्रायव्हरांनी फक्त २ टक्के वेळा ओळखले. भडक फ्लुरोसंट जाकीट घातलं तर १५ टक्के, परावर्तक पट्ट्यांचं जाकीट घातलं तर ५० टक्के, आणि त्याच्याबरोबर घोट्याला व गुडघ्याला परावर्तक पट्ट्या बांधल्या तर ९० टक्के. फ्लुरोसंट रंगाचा आकडा इतका कमी का, असा प्रश्न पडेल. तो रंग सूर्यप्रकाशातल्या अदृश्य अतिनील किरणांना दृश्य प्रकाशात बदलतो म्हणून दिवसा झगमगतो. रात्री अतिनील किरणच नसतात, तेव्हा त्याचा झगमगाटही नसतो.

७. मग हौस कुठे भागवायची?

बाजूला. पुढचा आणि मागचा संकेत न बिघडवता रंगाला जागा मिळते ती चाकांत. चौकात आडवी जाणारी सायकल ही मोठीच अडचण असते, कारण तिचा पुढचा दिवाही दिसत नाही आणि मागचाही. तिथे चाकातला दिवा खरोखर कामाला येतो.

एक हिशेब करू. २८ इंची चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर. ताशी १६ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला दोन फेऱ्या मारतं. तारेवर एकच दिवा असेल तर तो गोल फिरणारा ठिपका दिसतो, सलग वर्तुळ नाही, कारण डोळ्यात प्रतिमा टिकते ती सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. तेवढ्या वेळात चाक पाचवा हिस्सा फिरतं. म्हणजे पाच दिवे सारख्या अंतरावर बसवले की कडी पुरी होते. आणि प्रकाशाची दोन वर्तुळं शेजारी शेजारी दिसली की ती सायकल आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

रंग कोणता? पिवळा, केशरी किंवा पांढरा. अमेरिकेच्या नियमात पुढच्या चाकाचा रिफ्लेक्टर पांढरा किंवा पिवळा आणि मागच्या चाकाचा पांढरा किंवा लाल ठरलेला आहे, म्हणजे बाजूनेसुद्धा कुठलं तोंड आणि कुठलं शेपूट ते कळतं. ही पद्धत मला फार आवडते आणि आपण ती इथे सहज उचलू शकतो. हिरवा किंवा जांभळा लावायचाच असेल तर चाकाच्या आतल्या भागात, मंद, आणि समोरून-मागून न दिसेल असा. वॉल्व्हवरच्या टोपणांचं बटण बहुधा हलण्यावर चालतं आणि त्यातले बटणसेल लवकर संपतात. ती खेळणी म्हणून ठीक.

दांडीला गुंडाळायची माळ मिरवणुकीत शोभते. रोजच्या वापरात लावलीच तर दांडीच्या खालच्या अंगाला, दिवे जमिनीकडे तोंड करून. मग दिवे दिसत नाहीत, त्यांचा उजेड सायकलवर आणि रस्त्यावर पडतो आणि सायकलचा आकार उठून दिसतो. रंग बदलणारा किंवा लाल-निळा आळीपाळीने लुकलुकणारा प्रकार दुकानातच राहू द्या.

खरेदीला जाताना क्रम असा ठेवा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी मागचा लाल दिवा घ्या, कारण मागून येणारा आपल्याला दिसत नसतो. तो कॅरियरवरच्या पिशवीखाली किंवा दप्तराखाली झाकला जाणार नाही असा बसवा. मग पुढचा पांढरा, मग परावर्तक पट्टीचा एक छोटा रोल. त्यानंतर पैसे उरले तर चाकातले रंगीत दिवे मुलाला जरूर घेऊन द्या, फक्त निळे सोडून.